१९६८ ची जीटीओ परत चालती करताना

डेट्रॉईटच्या उत्तरेला राहायचं आणि जुन्या गाड्यांचं वेड लागू द्यायचं नाही, हे अवघडच आहे. ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, खाली फर्नडेलपासून वर पॉन्टियॅक गावापर्यंत नुसत्या जुन्या गाड्या आणि कडेला घडीच्या खुर्च्या टाकून सकाळपासून बसलेली माणसं. मी इथे गाड्यांच्याच क्षेत्रात नोकरी करतो, दिवसभर कॉम्प्युटरवर सेन्सरचे आकडे बघतो, पण कार्बोरेटरवाल्या (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळायचा जुना भाग असलेल्या) मोठ्या व्ही-एटचा, आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, आवाज पहिल्यांदा जवळून ऐकला आणि ठरवून टाकलं की एक तरी स्वतःच्या हाताने उभी करायची. आणि तीही पॉन्टियॅकच, कारण जीएमने म्हणजे जनरल मोटर्सने २००९ मधे हा आपला ब्रँड बंद करायचं जाहीर केलं आणि २०१० मधे तो संपला, म्हणजे आता या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच त्या सांभाळायच्या.

शोधता शोधता एका शेतावरच्या पत्र्याच्या शेडमधे १९६८ ची जीटीओ मिळाली. मालक वारलेले, मुलीला शेड रिकामी करायची होती. चारही टायर बसलेले, छतावर शेणासारखा धुळीचा थर, आतमधे उंदरांनी सीटचा कापूस काढून एअर क्लीनरमधे घर केलेलं. (अशी गाडी साफ करताना मास्क आणि ग्लोव्हज घालाच, आधी जंतुनाशक फवारा आणि मग उचला, उंदरांची घाण सुकी झाडू नका, त्यातून होणारे आजार खरंच वाईट असतात.) वरून लाल रंग, पण दाराच्या कडेला खरवडलं की खालून हिरवा डोकावत होता. इंजिन जाम.

जीटीओ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. साठच्या दशकात जीएमचा स्वतःचाच नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचापेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. पॉन्टियॅकचा चीफ इंजिनिअर तेव्हा जॉन डिलोरियन, त्याने आणि बिल कॉलिन्स, रस गी या इंजिनिअरांनी मोठ्या पॉन्टियॅकचं ३८९ क्यूबिक इंचांचं इंजिन छोट्या टेम्पेस्ट-लेमान्सच्या बॉडीत बसवून बघितलं, ते बसलंही व्यवस्थित. मग १९६४ साठी ते नवीन मॉडेल म्हणून न आणता लेमान्सचं ऑप्शन पॅकेज म्हणून आणलं, म्हणजे वरून मंजुरी घ्यायची भानगडच नाही. मसल कार हा प्रकार इथून सुरू झाला असं बहुतेक लोक मानतात. १९६८ ला बॉडी पूर्ण नवीन आली, ११२ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), ४०० क्यूबिक इंच म्हणजे ६.६ लिटरचं इंजिन, त्या काळच्या मोजमापाने ३५० हॉर्सपॉवर, आणि पुढचा बंपर क्रोमचा नाही तर एन्ड्युरा नावाच्या लवचिक मटेरियलचा, गाडीच्याच रंगात रंगवलेला. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ विकल्या गेल्या. म्हणजे गाडी दुर्मिळ नाही, आणि माझ्या मते पहिल्या रिस्टोरेशनसाठी हीच सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण पत्र्यापासून दाराच्या रबरापर्यंत सगळं अजून बनतं आणि अडलं तर सांगणारे लोक भेटतात.

पैसे देण्याआधी ओळख पटवली. कारण लेमान्सला जीटीओचे बिल्ले लावून विकणारे खूप आहेत. या काळातल्या खऱ्या जीटीओचा चासी नंबर २४२ ने सुरू होतो, लेमान्सचा २३७ ने. १९६८ पासून ती पट्टी डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला असते, काच पुसली की बाहेरूनच वाचता येते. पुढे पी अक्षर होतं म्हणजे गाडी पॉन्टियॅक गावातच बनलेली, वुडवर्डच्या वरच्या टोकाला! इंजिनच्या पुढच्या बाजूला डब्ल्यूटी हा कोड ठोकलेला, म्हणजे चार गिअरची मॅन्युअल, आणि चासी नंबरचे आकडेही ब्लॉकवर जुळत होते. हेडवर (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) १६ हा नंबर, तोही त्या वर्षीचाच. पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस म्हणून एक जागा आहे, तिथे पैसे भरले की कारखान्याच्या मूळ बिलाची कॉपी मिळते, त्यात रंग व्हर्डोरो ग्रीन, काळा व्हायनल टॉप आणि झाकणाआड लपणारे हेडलाइट असं सगळं लिहून आलं. इंजिन मूळचं, रंग मूळचा हिरवा. मग थांबायचं काही कारणच उरलं नाही.

आता मला मुख्य जे सांगायचंय ते. गाडी घरी आली तेव्हा इंजिनवर मूळ कार्बोरेटर नव्हताच, तिथे रेसिंगचा एक प्रचंड मोठा कार्बोरेटर बसवलेला. मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट डिकीत खोक्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. आणि ग्लोव्ह बॉक्समधे पावत्यांचा गठ्ठा. सगळ्या नीट लावून बघितल्या तर एक गोष्टच समोर आली: आधी नवीन प्लग, मग वायरी, मग जास्त ताकदीची कॉइल, मग दुसरे प्लग, मग रेडिएटर, मग दुसरा थर्मोस्टॅट, मग तो मोठा कार्बोरेटर, आणि त्यानंतर पावत्याच नाहीत. म्हणजे गाडी सुस्त चालत होती, गरम होत होती, आणि त्या माणसाने दर वेळी एकेक पार्ट विकत घेऊन बघितला आणि शेवटी कंटाळून गाडी शेडमधे लावली. मला खरंच वाईट वाटलं. टॉवेलात कार्बोरेटर गुंडाळून ठेवणारा माणूस निष्काळजी नसतो, त्याचं गाडीवर प्रेम होतं. पण सगळ्या पावत्यांमधे मोजल्याची एकही खूण नव्हती, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किती, टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते) किती, व्हॅक्यूम (इंजिन हवा किती ओढतं ते) किती, काहीच नाही. म्हणून मी वही केली आणि पहिल्या पानावर लिहिलं की आकडा लिहिल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही.

जाम इंजिनला स्टार्टर मारायचा नाही ही पहिली गोष्ट. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधे ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन अर्धं अर्धं मिसळून ओतलं, आणि सोडून दिलं. (ॲसिटोन पटकन पेट घेतं, गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि हीटर बंद.) काही आठवडे अधूनमधून भर घालत राहिलो, मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हळूच दाब दिला, जोर नाही, नुसता दाब, थोडं पुढे थोडं मागे, आणि एका संध्याकाळी ते हललं. पूर्ण फेरा झाल्यावर कॉम्प्रेशन घेतलं. सहा सिलिंडर ठीकठाक, दोन फारच खाली, आणि हवा सोडून ऐकलं तर फुसफुस सायलेन्सरच्या पाइपमधून येत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेले.

सांगलीला बाबांचं गॅरेज होतं, जीप आणि ॲम्बेसिडर, ऊस वाहतुकीच्या सीझनला ट्रॅक्टर. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी आठ सिलिंडर कधी उघडलेले नाहीत पण म्हणाले, "अरे दोन जीपची इंजिनं शेजारी शेजारी बसवल्यात असं समज, घाबरायचं काय त्यात. हेड उतरव आणि टायमिंग चेन बघ आधी." चेनचं त्यांनी अंदाजाने सांगितलं असेल नसेल, पण नेमकं तिथेच निघालं. पॉन्टियॅकने त्या काळात आवाज कमी व्हावा म्हणून कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ज्या गिअरवर ही चेन फिरते त्याचे दात नायलॉनचे केले होते, ॲल्युमिनियमवर नायलॉन. वय झालं की ते नायलॉन कडक होतं, तडकतं आणि तुकडे तुकडे होऊन खाली ऑइल पॅनमधे पडतं. कव्हर काढलं तर अर्धे दात गायब. पॅन काढलं तर ऑइल पंपाच्या जाळीत ते सगळे पिवळट तुकडे अडकलेले, जाळी जवळजवळ बंद. ही गाडी जाम होती म्हणून वाचली असं म्हणा, कारण कोणी तशीच सुरू करून पळवली असती तर ऑइलशिवाय बेअरिंग गेली असती. जुनी पॉन्टियॅक घेणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो, चेन कधी बदलली याचा कागद नसेल तर ती बदललेली नाही असंच धरा, आणि चेन बदलाल तेव्हा पॅन उतरवून जाळीही साफ करा.

पॅन उतरवायचं तर इंजिन बाहेर काढलेलं बरं. तीनशे किलोच्या आसपासचा ऐवज आहे, भाड्याने इंजिन क्रेन आणली, मित्राला बोलावलं आणि गिअरबॉक्ससकट बाहेर. बायको गॅरेजमधे डोकावून म्हणाली, "हे परत आत बसणार ना रे?" प्रत्येक नट-बोल्टची वेगळी पिशवी, वर मार्करने नाव, प्रत्येक वायरीचा आणि व्हॅक्यूमच्या नळीचा फोटो. हे कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही.

हेड उतरलेलं असतानाच तो शोध लागला. एक नंबरचा पिस्टन वर आणून डायल गेज लावलं आणि नेमका टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, काढला. पिस्टन अगदी वर, आणि पुढच्या बॅलन्सरवरची (क्रँकच्या टोकाला बसवलेलं, थरथर कमी करणारं चाक) टायमिंगची खूण शून्यावर नाही! सात डिग्री बाजूला. पुन्हा मोजलं, तेवढंच. झालं काय तर बॅलन्सरला आत लोखंडी हब असतो, बाहेर जाड लोखंडी रिंग आणि दोघांमधे रबर. जुनं रबर सुटलं की बाहेरची रिंग हळूहळू मागे सरकते, आणि खूण त्या रिंगवरच असते. म्हणजे टायमिंग लाइट मारून कोणी पुस्तकाप्रमाणे ९ डिग्री लावलं तर प्रत्यक्षात इंजिनला मिळतात २. स्पार्क उशिरा पडतो, गाडी सुस्त होते, जळण एक्झॉस्टपर्यंत लांबतं, इंजिन तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ताण येतो. सुस्त आणि गरम! त्या पावत्यांचा सगळा गठ्ठा मला त्या क्षणी समजला. चेन सैल झाल्यामुळे कॅमचं टायमिंगही मागे पडलेलं असणार, ते वेगळंच. कॉइल, प्लग, रेडिएटर, कार्बोरेटर, यातलं काहीच खराब नव्हतं. खूण खोटं बोलत होती आणि प्रत्येक मेकॅनिक त्या खुणेवर विश्वास ठेवत होता.

तुमचं हेड उतरलेलं नसेल तरी हे तपासता येतं. एक नंबरचा प्लग काढायचा, त्याच्या जागी पिस्टन स्टॉप म्हणून मिळतो तो आटेवाला बोल्ट बसवायचा, बॅटरीची वायर काढून ठेवायची, आणि क्रँक हाताने हळूच फिरवायचा, पिस्टन स्टॉपला टेकला की बॅलन्सरवर खडूने खूण. मग उलट्या बाजूने फिरवून टेकला की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधे खरा टॉप डेड सेंटर. अर्ध्या तासाचं काम आहे. माझं स्पष्ट मत आहे की कुठल्याही जुन्या इंजिनला ट्यूनिंगचा पाना लावायच्या आधी हे केलंच पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे आकडे हवेत.

मशीन शॉपचं काम थोडक्यात सांगतो. ब्लॉक धुवून बोअर मोजला, मूळ ४.१२ इंच, घासलेला होता म्हणून ०.०३० ने वाढवला. हेडमधे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती रिंग) कडक धातूच्या बसवल्या, कारण पूर्वी पेट्रोलमधल्या शिशामुळे सीटला संरक्षण मिळायचं, आणि अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ ला पूर्ण बंद झालं. कॉम्प्रेशनचा विचार मात्र जास्त केला. मूळचं १०.७५ ला १, ते तेव्हाच्या शिशाच्या प्रीमियम पेट्रोलसाठी होतं. आता इथे पंपावर जास्तीत जास्त ९३ ऑक्टेन मिळतं, त्यावर लोखंडी हेडचं एवढं कॉम्प्रेशन म्हणजे नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन टकटकण्याची) भीती कायम. काही जण टायमिंग मागे घेऊन चालवतात, पण मग पुन्हा तोच सुस्तपणा. म्हणून वाटी असलेले पिस्टन घेतले आणि साडेनऊच्या आसपास आणलं. कागदावर थोडी पॉवर जाते, पण टायमिंग पूर्ण देता येतं, आणि रस्त्यावर तेच जाणवतं. कॅम मूळच्या जवळचाच. मशीन शॉपवाला मोठा कॅम सुचवत होता, आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, तो धडधड आवाज येतो ना, तो सगळ्यांना आवडतो. पण मोठ्या कॅमने आयडलचं व्हॅक्यूम पडतं, आणि या गाडीत हेडलाइटची झाकणं व्हॅक्यूमवर उघडतात, म्हणून मी नको म्हटलं आणि मला ते बरोबर वाटतं.

जोडताना पॉन्टियॅकच्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. मागचं मेन सील (क्रँकच्या मागून ऑइल गळू न देणारं) दोरीचं असतं, ते बसवायला चिकाटी लागते, मी नवीन प्रकारचं ग्राफाइटवालं दोरीचंच वापरलं. आणि वॉटर पंपामागे जो पत्रा असतो त्याचं आणि पंपाच्या पात्यांचं अंतर कमी ठेवावं लागतं, जास्त राहिलं की पाणी नीट फिरत नाही, गाडी तापते आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. माझ्या पत्र्याला बरंच अंतर होतं, हळूहळू ठोकून जवळ आणलं, पातं घासत नाही ना ते हाताने फिरवून बघितलं.

सुरू करायच्या आधी ऑइल सगळीकडे पोचवायचं. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क पोचवणारा भाग) काढून त्या भोकातून लांब दांडा ड्रिलला लावून पंप फिरवतात. पॉन्टियॅकचा डिस्ट्रिब्युटर उलटा फिरतो, घड्याळाच्या विरुद्ध, म्हणून ड्रिलही उलटं चालवायचं. शेव्हरलेची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) तीच आहे, १-८-४-३-६-५-७-२, पण त्यांचा डिस्ट्रिब्युटर सुलटा फिरतो, त्यामुळे शेव्हरलेची सवय असलेला माणूस इथे वायरी चुकीच्या लावू शकतो. गेजवर प्रेशर ६० पर्यंत चढलं, रॉकरमधून ऑइल टपकायला लागलं, आणि मग डिस्ट्रिब्युटर बसवला. नवीन कॅमला पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवावं लागतं, आयडलवर सोडायचं नाही, आणि ऑइल झिंक जास्त असलेलं, कारण आजच्या साध्या ऑइलमधे ते कमी केलंय आणि या सपाट टॅपेटना ते लागतंच. सुरू झालं तेव्हा पोरगी कानावर हात ठेवून उड्या मारत होती, आणि मी मात्र गेजवरून नजर हलवली नाही, ऑइल, टेंपरेचर, ऑइल, टेंपरेचर.

आणि इथून पुढे ट्यूनिंग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

वुडवर्डला लागून रॉयल ओक गाव आहे. तिथे साठच्या दशकात एस विल्सनची रॉयल पॉन्टियॅक नावाची डीलरशिप होती, आणि त्यांचं बॉबकॅट पॅकेज प्रसिद्ध होतं. जाहिरात क्षेत्रातला जिम वँगर्स त्यांच्या पाठीशी होता. वुडवर्डवर रात्री लागणाऱ्या शर्यतींमधे रॉयल बॉबकॅटची जीटीओ समोर आली की लोक सावध व्हायचे. पण त्या पॅकेजमधे असायचं काय? पातळ हेड पॅकिंग, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदललेले, डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स (स्पीडबरोबर स्पार्क लवकर पडणं) पटकन यावा म्हणून वेगळ्या स्प्रिंगा, इनटेकखालची गरम हवेची वाट बंद करणारी पॅकिंग, आणि रॉकरला लॉक नट. बस. सगळं एका खोक्यात मावेल एवढं. या गाड्यांत पॉवर आधीच होती, कारखान्याने ती सगळ्या गिऱ्हाइकांसाठी, सगळ्या हवामानासाठी जरा दाबून ठेवलेली, आणि त्या लोकांनी ती मोजून मोजून मोकळी केली. माझ्यापुरती ही गोष्ट फार मोलाची आहे.

तर नवीन बॅलन्सर बसवला, खूण खरी आहे हे तपासलं. स्पार्कसाठी करंट तोडणारे जुने सीबी पॉइंटच ठेवले, इलेक्ट्रॉनिक किट घातलं नाही. डेल्कोच्या डिस्ट्रिब्युटरला बाजूला छोटी खिडकी असते, ती वर सरकवून इंजिन चालू असतानाच एक अष्टमांश इंचाच्या ॲलन कीने ड्वेल (पॉइंट किती डिग्री मिटलेले राहतात ते) ३० वर लावता येतो, इतकी सुंदर सोय आहे की पॉइंट काढून टाकायची इच्छाच होत नाही. मग ॲडव्हान्स. रोटरच्या खाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात, स्पीड वाढला की वजनं बाहेर पडतात आणि टायमिंग पुढे जातं. जुन्या स्प्रिंगा इतक्या कडक की पूर्ण ॲडव्हान्स यायला खूप वर रेस द्यावी लागत होती. हलक्या स्प्रिंगांची जोडी घातली, ३००० च्या आत सगळा ॲडव्हान्स आला. आयडलला १०, एकूण ३४. पॉन्टियॅकला ३४ ते ३६ चालतं, मी ३४ वर थांबलो कारण पूर्ण भरलेल्या गाडीने चौथ्या गिअरमधे ब्रिज चढताना कान देऊन ऐकलं आणि नॉकिंगचा टकटक आवाज अजिबात नव्हता. व्हॅक्यूम ॲडव्हान्स वेगळा, तो हळू चालवताना वरून आणखी मिळतो आणि इंजिन थंड ठेवतो. तो काढून नळीला बोल्ट कोंबलेल्या गाड्या मी कितीतरी बघितल्या, रस्त्यावर चालवायच्या गाडीत तसं करू नका.

एवढं करून आयडल मात्र हलत होतं. व्हॅक्यूम गेजचा काटा पंधरावर आणि मधेच डुलायचा. बाबांनी फोनवर आवाज ऐकला आणि म्हणाले मिस मारत नाही, कुठेतरी हवा ओढतंय. कार्बोरेटरला हात न लावता एकेक नळी चिमट्याने दाबून बघितली. हेडलाइटकडे जाणारी नळी दाबली आणि काटा सरळ अठरावर जाऊन उभा राहिला! झाकणं उघडणाऱ्या दोन्ही डब्यांमधला पडदा फाटलेला, गाडी हेडलाइटमधून हवा ओढत होती. आता विचार करा, इथे कोणी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसला असता तर तासन्‌तास फिरवूनही ते जमलं नसतं.

क्वाड्राजेटची बदनामी खूप आहे, लोक त्याला शिव्या देऊन फेकून देतात आणि मला ते पटत नाही. त्याच्या पुढच्या दोन नळ्या छोट्या, एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, आणि मागच्या दोन सव्वादोन इंचांच्या. रोज चालवताना छोट्या नळ्यांवर गाडी मऊ आणि त्यातल्या त्यात काटकसरीने चालते, पाय पूर्ण दाबला की मागच्या उघडतात, आणि त्यावरची झडप इंजिनला हवी तेवढीच हवा आत सोडते. दोष आहेत पण ठरलेले आहेत. तळाचे प्लग गळतात, रात्रभरात पेट्रोल इनटेकमधे उतरतं आणि सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते, तर तिथे इपॉक्सी लावायची. फ्लोट फोमसारख्या मटेरियलचा असतो, पेट्रोल पिऊन जड होतो, तो नवीन टाकायचा. थ्रॉटलच्या दांड्याची भोकं झिजतात, तिथे बुश. माझ्या कार्बोरेटरचा नंबर ७०२८ ने सुरू होतो, त्यातला ८ म्हणजे १९६८. टॉवेलात गुंडाळलेला होता म्हणून आतून आश्चर्य वाटावं इतका स्वच्छ निघाला. त्या माणसाचे मनापासून आभार.

जेट ठरवायला एक्झॉस्ट पाइपला ऑक्सिजन सेन्सर लावला, नवीन काळातलं एवढं एकच उपकरण वापरलं. आजच्या पेट्रोलमधे दहा टक्के इथेनॉल असतं त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, हायवेवर आकडा (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा) पंधराच्या वर जात होता आणि गाडी हलके झटके देत होती. जेट थोडे मोठे केले, चौदाच्या आसपास आलं, झटके गेले. पूर्ण पाय दाबल्यावर साडेबारा-तेराच्या मधे, त्यासाठी मागच्या सुया बदलल्या. मागच्या झडपेची स्प्रिंग सैल असेल तर पाय दाबताच गाडी क्षणभर गळपटते, जास्त घट्ट असेल तर उघडतच नाही. एक अष्टमांश फेरा घट्ट, मग रस्त्यावर, मग परत. एका वेळी एकच बदल आणि वहीत नोंद.

बॉडीचं काम मी बाहेर दिलं, त्यातलं मला फार कळत नाही. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात (डेट्रॉईट शहराच्या खालीच मिठाची खाण आहे) त्यामुळे डिकीचा तळ चाळण झालेला, आणि व्हायनल टॉपखाली पाणी साचून मागच्या काचेभोवतीचा पत्रा खाल्लेला. आधीच्या कोणीतरी तिथे पुट्टीचा जाड थर भरून वर लाल रंग मारलेला, ते सगळं काढून नवीन पत्रा वेल्ड केला. रंग परत व्हर्डोरो ग्रीन. एन्ड्युरा बंपरला रंगात लवचिकपणाचं केमिकल घालावं लागतं नाहीतर रंगाला भेगा जातात. ब्रेक मी रस्त्यावर काढायच्या आधीच पूर्ण नवीन केले, चारही चाकांना ड्रमच आहेत, सिलिंडर, नळ्या, होज, मास्टर सगळं. पेट्रोलची टाकी आणि रबरी पाइपही नवीन, जुन्या टाकीत पेट्रोलचा डांबरासारखा गाळ झालेला.

मिशिगनमधे अशा गाडीला हिस्टॉरिक नंबर प्लेट मिळते, शो, परेड आणि क्लबच्या कार्यक्रमांना न्यायची आणि ऑगस्ट महिन्यात एरवीही चालवायची मुभा. त्यामुळे ऑगस्टमधे आम्ही संध्याकाळ झाली की निघतोच. दुसऱ्या गिअरमधे पाय दाबला की मागच्या दोन नळ्या उघडल्याचा खोल आवाज येतो, आणि गाडी पाठीत ढकलते, पण अडखळत नाही, तापत नाही. ट्रॅफिकमधे टेंपरेचर १८५ ते १९० फॅरेनहाइट, गरम असताना आयडलला ऑइल प्रेशर तीसच्या वर, व्हॅक्यूम अठरा. ज्यांची गाडी होती त्यांच्या मुलीला फिरवून आणलं, आणि तो बॅलन्सर आणि वही दाखवून सगळं समजावून सांगितलं, म्हटलं तुमच्या वडिलांच्या गाडीत मुख्य दोष हाच होता. त्यांनी तो जुना बॅलन्सर मागून घेतला.

अजून बोनेटवरचा टॅकोमीटर बाकी आहे, उन्हाने त्याची तबकडी पांढरी पडलीय आणि काटा २०० आरपीएम जास्त दाखवतो, हातातल्या मीटरशी ताडून वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि मागच्या ॲक्सलची बेअरिंग या हिवाळ्यात. मागचा ३.५५ चा रेशो तसाच ठेवणार आहे, हायवेवर आरपीएम जास्त राहतात असं सगळे म्हणतात, पण या इंजिनाला तो शोभतो.